चापावरचं बोट

मी बोलतोय. हात वर करू नका, माझ्यात गोळी नाही. गोळी जायला नळीच नाही. दिसायला मी पिस्तूल, पण आहे भरीव निळ्या प्लास्टिकचा ठोकळा. माझा चापसुद्धा मागे सरकत नाही. खऱ्या पिस्तुलाला हात लावण्याआधी नवशिक्यांनी मला धरायचं, कमरेला लावायचं, काढायचं, परत ठेवायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. निळा रंगही शोभेसाठी दिलेला नाही. लांबून बघणाऱ्यालाही कळावं की हे खोटं आहे, म्हणून तो दिला.

मला साच्यात ओतलं, थंड झाल्यावर ठोकून बाहेर काढलं, कडा घासल्या आणि खोक्यात भरलं. जन्माबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. ऊन-थंडी मला कळत नाही, रागलोभ तर नाहीच. मला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे माझ्यावर कुठे आणि किती दाब पडतोय. धरणारा घाबरलाय की शेखी मिरवतोय, ते मला मुठीवरून कळतं.

माझा पहिला मालक डुएन. आठवडाभर तो शेतांवर गॅसच्या टाक्या पोचवायचा आणि महिन्यातून एका शनिवारी गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पिस्तूल शिकवायचा. मोठा मनमिळाऊ माणूस. कॉफी, डोनट, दोन तासांची फिल्म आणि शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा. कुणाचं उत्तर चुकलं की डुएन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "हा प्रश्न जरा परत वाच बरं." बरोबर येईपर्यंत तो परत वाचायला लावायचा. त्याच्याकडे कधी कुणी नापास झालं नाही. नवरे बायकांना घेऊन यायचे आणि त्यांच्या वतीने उत्तरं द्यायचे. बहुतेक पुरुष आल्या आल्या सांगायचे, "मी तर लहानपणापासून बंदुका हाताळतोय." त्यांचीच मूठ सगळ्यात वाईट असायची.

वेल्डा क्रूस तिथेच मला भेटली. वय एकोणसत्तर. नवरा हार्लन जाऊन चार वर्षं झालेली. घर गावापासून चौदा मैलांवर, शेजारचा दिवासुद्धा दिसणार नाही इतकं एकटं. मार्चमध्ये भरदुपारी तिच्या घरात एक माणूस शिरला होता. ती तेव्हा तळघरात बीटच्या बरण्या आणायला गेली होती. डोक्यावर बुटांचा आवाज आला आणि ती बरणी हातात धरून तशीच उभी राहिली. चाळीस मिनिटं. वर त्याने टीव्ही काढला, हार्लनचं घड्याळ घेतलं, फ्रिजमधलं मटण टेबलाशी बसून खाल्लं आणि ताटली सिंकमध्ये ठेवून तो निघून गेला. पोलीस सव्वा तासाने आले.

तिचा मुलगा डेरिल ओमाहा शहरात असतो, गाडीने चार तास. तो तेव्हापासून एकच धोशा लावून बसला होता. "आई, तू इकडे ये. आमचं तळघर रिकामं आहे. वेगळं बाथरूम आहे, खाली कार्पेट घातलंय."

"तळघरात मी चाळीस मिनिटं काढलीत," वेल्डा म्हणाली. "तेवढं पुरे झालं मला."

शेवटी दोघांत ठरलं. चोरीनंतर तिने पिस्तूल विकत घेतलंच आहे तर नीट क्लास करायचा आणि पास होऊन दाखवायचं. मग डेरिल घर सोडण्याचं नाव काढणार नाही. म्हणजे तिचं सगळं घर एका परीक्षेवर टांगलेलं होतं. ती डुएनच्या क्लासला आली, वीसपैकी वीस मार्क घेतले, पास झाल्याचा कागद घेतला आणि डुएनच्या आग्रहाखातर मलाही विकत घेतलं. "आरशासमोर सराव कर, वेल्डा," तो म्हणाला, "याच्याने काही बिघडत नाही."

पहिल्या संध्याकाळी तिने मला हातात घेतलं आणि मला जे कळायचं ते कळलं.

या धंद्याचा पहिला नियम असा की नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही, बाजूला सरळ ठेवायचं. नवशिक्यांचं बोट चापावर जातंच. पण सांगितलं की ते दचकून बाहेर घेतात. वेल्डा खाली बघायची, बोट सरळ करायची, मग मान वर करून आरशात बघायची. मान वर झाली रे झाली की तिचं बोट हळूहळू वाकून आत यायचं आणि माझ्या चापावर टेकायचं. नुसतं टेकायचं नाही, दाबायचं. आरशात तिचं लक्ष स्वतःच्या खांद्यांवर असायचं. बोट कुठे आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिला कॅन्सर झाला होता. औषधांनी तो गेला, पण जाताना हातांची बोटं बधीर करून गेला. डॉक्टर म्हणाले होते, बोटांचं भान हळूहळू येईल परत. ते आलं नाही. ही गोष्ट तिने डेरिलला सांगितलीच नव्हती. ती बटणं बघून लावायची, भाजी बघून चिरायची, नाणी बघून मोजायची. बोटांचं काम डोळ्यांवर टाकून तिने संसार व्यवस्थित चालवला होता. पण पिस्तूल धरल्यावर डोळे समोर ठेवावे लागतात. बोटांकडे बघायला कुणी उरत नाही.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. तेही खरं म्हणजे मी आता म्हणतोय. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. ती बधीर, मी बधीर, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास आमचा सराव चालायचा.

डुएनच्या कागदाचं कौतुक फार दिवस टिकलं नाही. "आई, डुएनकडे त्याचं कुत्रंसुद्धा पास होईल," डेरिल फोनवर म्हणाला. "जिथे माणूस नापास होऊ शकतो असा क्लास बघ. फोन करून विचारच त्यांना, तुमच्याकडे किती जण नापास होतात म्हणून."

मग स्वयंपाकघराच्या टेबलावर जाहिरातींचे कागद आले. कुणाचा दोन दिवसांचा कोर्स, कुणाचा फक्त बायकांसाठी, कुणी माजी सैनिक, कुणी माजी पोलीस. एकाच्या जाहिरातीत तर शिकवणाऱ्याचे दंड बंदुकीपेक्षा मोठे छापले होते. वेल्डाने दोन कागद बाजूला काढले आणि खरंच फोन केले.

पहिला फोन ब्रॉडीला. "नापास?" तो हसला. "मॅडम, माझ्याकडे कुणी नापास होत नाही. दोन दिवस द्या मला, तुमचा मुलगा तुम्हाला ओळखायचा नाही."

दुसरा फोन मार्लिस नावाच्या बाईंना. त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात बायकांच्या कोठडीवर सव्वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. "गेल्या वेळी अकरातले चार," त्या म्हणाल्या. "पैसे परत मिळत नाहीत. जेवण मात्र मी देते."

वेल्डाने फोन खाली ठेवला. थोडा वेळ ती दोन्ही कागदांकडे बघत बसली. मग तिने ब्रॉडीच्या क्लासला नाव घातलं.

तिला दोष देऊ नका. चारजण नापास करणाऱ्या बाईकडे ती गेली असती तर पाचवी कोण असणार, हे तिला बोटांवाचूनही कळत होतं.

ब्रॉडीच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच खरी पिस्तुलं बाहेर आली. मी तिच्या जाकिटाच्या खिशात होतो. ब्रॉडी म्हणजे दाढी, काळा चष्मा, हातात वेळ मोजायचं यंत्र, आणि आवाज असा की गुरं बिथरावीत. "पळा! गुडघ्यावर! तुमच्या पोरांना मारायला आलाय तो! मारा!" सगळे पळत होते, गुडघे टेकत होते, गोळ्या झाडत होते. वेल्डासुद्धा. तिचा नेम चांगला होता, लहानपणी तिने बापाबरोबर मक्याच्या शेतात ससे मारले होते. ब्रॉडीने सगळ्यांसमोर तिच्या नावाने टाळ्या वाजवायला लावल्या. "बघा! आजीबाई बघा! लाज वाटू द्या जरा!"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, "ठेवा! लवकर!" असं तो ओरडला आणि वेल्डाने पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, सरकवलं. डोळे समोरच होते. बोट आत होतं. होल्स्टरच्या काठाने ते दाबलं गेलं आणि गोळी सुटली. तिच्या उजव्या बुटापासून चार बोटांवर जमिनीत भोक पडलं.

सगळे थिजले. वेल्डा खाली त्या भोकाकडे बघत राहिली. आवाज कुठून आला हेच तिला आधी कळलं नाही, हे मी तुम्हाला सांगतो, कारण माझ्यावर टेकलेली तिची कंबर जराही हलली नाही.

ब्रॉडी धावत आला, बूट बघितला, पाय बघितला आणि मोठ्याने हसला. "काही नाही झालं! ऐका सगळे, प्रत्येकाचं एकदा असं होतंच. यांचं होऊन गेलं! आता जन्मात होणार नाही."

संध्याकाळी त्याने तिला चौकटीत बसवलेला कागद दिला आणि तिच्याबरोबर फोटो काढला. फोटोत ती हसली आहे. घरी येताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिली. रडली नाही. उजवं बोट डोळ्यांसमोर धरून बघत राहिली, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. मग घरी पोचली. त्या कागदाचा फोटो काढून डेरिलला पाठवावा एवढंच काम होतं. घर वाचलं असतं. तिने तो कागद कपाटावर पालथा ठेवला आणि मार्लिसबाईंना फोन लावला.

हे तिने का केलं, ते मला सांगता येणार नाही. माझ्या आयुष्यात मी अनेक मुठी अनुभवल्या, पण मुठीवरून भीती आणि शेखी कळते, सगळं मन कळतं असं मी कधी म्हटलेलं नाही.

मार्लिसबाईंचा क्लास एका जुन्या, एका खोलीच्या शाळेत होता. काउंटीने विकायला काढली तेव्हा त्यांनीच ती घेतली होती. आठजण होते. सकाळभर खरं पिस्तूल कुणी बघितलं नाही. माझ्यासारखी निळी पिस्तुलं घ्यायची आणि काढायची, ठेवायची, दार उघडायचं, फोन लावायचा, मूल उचलल्यासारखी पिठाची पिशवी उचलायची. आवाज चढत नव्हता. जांभया येत होत्या. सकाळी सगळी निळी पिस्तुलं एका ट्रेमध्ये गोळा करून बाई आतल्या खोलीत घेऊन गेल्या होत्या आणि दहा मिनिटांनी परत आणली होती. मी त्यात होतो, म्हणून मला माहीत होतं. सुतार रेघ मारायला दोरीला लावतात ती लाल भुकटी त्यांनी आमच्या चापांवर, बोट टेकतं तिथे, चोळली होती.

बारा वाजता, जराही आवाज न चढवता बाई म्हणाल्या, "कुणी हात धुवायचे नाहीत. मला सांगा, सकाळभर कुणाचं बोट चापाबाहेर होतं?"

आठ हात वर झाले.

"आता तळवे वर करा."

पाचजणांच्या बोटांच्या पेरांवर लाल डाग होते. एक दांडगा ट्रक ड्रायव्हर स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाला, "शक्यच नाही. हे केचप असणार." हशा पिकला. वेल्डाही हसली. तिचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत लाल होतं.

जेवायला राजमा-खिम्याची चिली होती आणि तिच्याबरोबर, या भागातल्या शाळांत देतात तसे, दालचिनीचे गोड रोल. वेल्डाने रोल तसाच ठेवला. जेवणानंतर बाईंनी सगळ्यांचे हात पुसायला लावले, परत भुकटी लावली, परत तासभर सराव घेतला. या वेळी सगळ्यांना माहीत होतं. सगळे जपत होते. तासाने सात तळवे स्वच्छ निघाले. वेल्डाचं बोट परत लाल. बाईंनी तिसऱ्यांदा लावली. वेल्डाने ओठ घट्ट मिटले होते. दर खेपेला ती खाली बघायची, बोट सरळ करायची, मग मान वर करायची. मग ते यायचंच. सरळ माझ्यावर. तिसऱ्यांदाही लाल.

ट्रक ड्रायव्हर आता हसला नाही.

बाईंनी तिला मागच्या पायरीवर नेलं. मी तिच्या हातातच होतो.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बोटं."

वेल्डा शेताकडे बघत राहिली. "दोन वर्षं. कॅन्सरच्या औषधाने."

"घरच्यांना?"

"नाही."

बाईंनी मान हलवली. "मी तुम्हाला कागद देणार नाही."

"माझ्याकडे दोन आहेत."

"मग तिसरा कशाला हवाय?"

वेल्डा म्हणाली, "तो परत आला तर मी काय करू? सांगा ना. तुम्ही शिकवता ना?"

"दार बदला. कुत्रा पाळा. फोन अंगावर ठेवा." बाई थांबल्या. "हे सगळं करून तुम्ही तिथे एकट्याच असणार, ते मला कळतंय. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मला नेमबाजी शिकवता येते, तीही बोट जागेवर राहणाऱ्याला. आणि हो, तुमच्या मुलाला मी फोन करणार नाही. ते माझं काम नव्हे."

"मग मी सांगितलंच नाही तर?"

"तर नाही सांगितलं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या रविवारी डेरिल आला. वेल्डाने त्याला चर्चहून आल्यावर जेवायला वाढलं, ताटल्या उचलल्या आणि टेबलावर तीन गोष्टी मांडल्या: डुएनचा कागद, ब्रॉडीचा चौकटीतला कागद, आणि मी. खरं पिस्तूल रिकामं करून तिने आधीच डब्यात कुलूप लावून ठेवलं होतं.

"अरे वा, आई!" डेरिलने चौकट उचलली. "म्हणजे जिंकलीस की तू. मला वाटलंच होतं. म्हातारी ऐकायची नाही."

"तिसरीकडे नापास झाले."

"कशात? नेमात? तुझा नेम चुकणं शक्य नाही."

"नेमात नाही." तिने उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. "मी डोळे मिटते. तू एक बोट दाब. कुठलं ते मी सांगते."

डेरिलला वाटलं, गंमत आहे. त्याने तिची करंगळी दाबली.

"अंगठा," वेल्डा म्हणाली.

त्याचं हसू अर्धवट राहिलं. त्याने चापाचं बोट दाबलं, जोरात.

"दाबलंस का?"

त्याने मधलं बोट दाबलं, मग तळवा, मग तळव्याची कड. प्रत्येक ठिकाणी तिने अंदाज सांगितला आणि प्रत्येक अंदाज चुकला. डेरिल हळूहळू वर सरकत गेला. मनगटापाशी आल्यावर ती म्हणाली, "इथे. इथे कळतंय."

त्याने तो हात तसाच धरून ठेवला.

"नाताळात हात भाजला होता तुझा," तो म्हणाला. "इस्त्रीने म्हणालीस."

"ओव्हन. तवा धरून ठेवला. वास आल्यावर कळलं."

"आई गं," तो म्हणाला. एवढंच. तो घरासंबंधी एक शब्दही बोलला नाही. तिनेच पहिल्यांदा विषय काढला. "तळघरात मी राहणार नाही, डेरिल. तेवढं सोडून बोल."

ऑगस्टमध्ये घर विकलं गेलं. घेणाऱ्यांना तीन मुलं होती आणि दोन मोठी कुत्री. डेरिलने खरं पिस्तूल नेलं. ब्रॉडीच्या कागदाची चौकट चांगली म्हणून हार्लनच्या फोटोला वापरली. आता वेल्डा डेरिलच्या घरापासून चार रस्ते सोडून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. समोर बसथांबा आहे, वर एक तरुण जोडपं राहतं आणि सारखं भांडतं. तिला घराची आठवण येते, पण ते ती कुणाला सांगत नाही. आठवण येते हे मला कसं कळलं विचाराल, तर ती अजूनही पहाटे उठून कोंबड्यांना दाणे घालायला निघाल्यासारखी मागच्या दारापर्यंत जाते.

तुम्हाला कुणाला असा क्लास लावायचा असेल तर माझ्यासारख्या ठोकळ्याचं एक ऐका. शिकवणाऱ्याची दाढी, चष्मा, त्याच्या भिंतीवरची बक्षिसं बघू नका. तो तुमच्या हाताकडे किती वेळ बघतो, ते बघा. आणि त्याने 'नाही' म्हणून कागद नाकारला तर निदान एकदा त्याचं नाव कुणाला तरी चांगलं म्हणून सांगा. माझं मागणं एवढंच, आणि तेही मी फार मनापासून मागतोय असं समजू नका. मनाची जागा माझ्यात ओतताना भरून गेली.

मी आता स्वयंपाकघरातल्या खणात असतो, सेलोटेप, काड्यापेट्या आणि संपलेल्या बॅटऱ्यांमध्ये. कधी ती काही शोधायला खण उघडते. वरचं जोडपं भांडायला लागलेलं असतं, तिचं लक्ष छताकडे लागतं आणि हात तसाच खणात राहतो, माझ्यावर. चार बोटं माझ्या मुठीवर, एक चापावर. बराच वेळ. आपण कशाला धरलंय, हे तिला कळत नाही. मला कळतं.